हौस एकाची, हमाली दुसऱ्याची

ऐकलंत का? ज्यांच्या दिवाणखान्यात काल-परवापर्यंत गोल्डफिश होते, त्यांना आता ते पाहुण्यांना दाखवायचीही लाज वाटते म्हणे. गोड्या पाण्याची टाकी आता फक्त दातांच्या दवाखान्यातच शोभते. घरात पाणी खारंच हवं, आणि त्यात बाकी काही असो नसो, ॲनिमोनी हवीच. ॲनिमोनी म्हणजे आपलं समुद्रफूल. दिसायला फूल, पण जातीचा प्राणी, आणि तोही पक्का मांसाहारी. ज्या घरात अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही, अशा एका घरात (नाव सांगत नाही, उगाच कशाला) फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे कोळंबीचे तुकडे सापडले. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी नाहीत, तिच्यासाठी आहेत." ही 'ती' कोण, हे कळेपर्यंत सासूबाईंची काय अवस्था झाली असेल, विचार करा!

बरं, एवढा जीव टाकावा अशी ही बया आहे तरी कशी? खाली चिकट पाय, वर तोंड, तोंडाभोवती हातांचा झुबका. त्या हातांत सूक्ष्म डंख भरलेले. तोंड एकच, म्हणजे जिथून खायचं तिथूनच नको ते बाहेर टाकायचं. जेवणानंतर दुसऱ्या दिवशी ती मुरडते, आक्रसते, आणि तोंडातून तपकिरी चोथा सोडते. हे बघायला गृहस्थ खुर्ची ओढून बसतात हो! "आज तब्येत छान आहे हं तिची," असं वर कौतुक.

या हौशी लोकांची लाडकी म्हणजे बबल टिप. हिच्या बोटांची टोकं फुगीर असतात, म्हणून हे नाव. पण ती फुगवायची की नाही, हे तिच्या मर्जीवर. कुणी म्हणतं प्रकाशामुळे, कुणी म्हणतं खाण्यामुळे. या विषयावर तासन् तास बोलणारी माणसं स्वतःच्या मुलाचं प्रगतिपुस्तक उभ्या-उभ्या सही करून परत देतात. हिरवी असेल तर एक भाव, गुलाबी असेल तर वरचढ, आणि लाल-काळ्या छटेच्या एकीचं नाव चक्क ब्लॅक विडो. काळी विधवा! घरात सवाष्ण जेवायला बोलावतात आणि दिवाणखान्यात हिला बसवतात.

आणि काही दुकानांतली लबाडी तर सांगायलाच हवी. पिवळीधमक किंवा गडद जांभळी ॲनिमोनी दिसली की समजावं, बाईंना रंगवलंय. खरा रंग बराचसा तिच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाचा. ते शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि तिला पोसतं. ते गेलं की ती पांढरीफटक पडते, म्हणजे अर्धी उपाशीच. तिला रंगात बुडवून 'दुर्मीळ' म्हणून विकायचं. काही आठवड्यांत रंग उतरतो, आणि घेणारा आपल्या पाण्यातच दोष शोधत बसतो.

पण खरी गंमत खर्चात नाही, राबण्यात आहे. नळाचं पाणी हिला चालत नाही, आरओचं लागतं. ते यंत्र एक बादली शुद्ध पाणी देताना तीन-चार बादल्या मोरीत सोडतं. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरवरून भांडणं होतात, तिथे हे चालतं, आणि समितीला पत्ता नाही. मग लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने खास मीठ, म्हणजे तीनशे लिटरच्या टाकीला दहा किलोहून जास्त. पाणी, काच, दगड मिळून वजन चारशे किलोच्या आसपास. खालच्या मजल्यावरच्यांना हा आकडा कुणी सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका. टाकी भरली की लगेच ॲनिमोनी आणायची सोय नाही. आधी जिवाणू रुजायला हवेत, अमोनिया-नायट्राइट शून्यावर यायला हवं, आणि जाणते तर म्हणतात निदान सहा महिने थांबा. सहा महिने नुसत्या खाऱ्या पाण्याकडे बघत बसायचं! वर उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला चिलर. आजोबांच्या खोलीत पंखा, हिच्या टाकीला गारवा.

हे सगळं करतं कोण? गृहस्थ सकाळी साडेआठची लोकल पकडतात. मग रोज कमी होणारं पाणी कोण भरतं? टाकीच्या कडेला साठणारी मिठाची खपली कोण पुसतं? घरची बाई, नाहीतर कामाची बाई. तिला सूचनांचा पाढा: टाकीजवळ काच पुसायचा फवारा मारायचा नाही, साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही, तांब्याचं काही आत जाता कामा नये, आणि उडून गेलेल्या पाण्याची भर फक्त गोड्या पाण्याने करायची, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. हे शेवटचं शास्त्र त्या बाईला एकदा सांगून कळलं. गृहस्थांना आलेख काढावा लागला होता.

तुम्ही म्हणाल, हातात पैसा खुळखुळायला लागला, म्हणून ही थेरं. छे हो! हे खूळ पावणेदोनशे वर्षांचं आहे आणि थेट साहेबाच्या घरातलं. ॲना थिन नावाच्या बाई, यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेचे उपडीन, म्हणजे घर किती सोवळ्यातलं बघा. 1846 साली या टॉर्कीला हवापालटाला गेल्या आणि येताना किनाऱ्यावरचे जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आल्या. प्रवाळ म्हणजे ॲनिमोनीचं चुलत घराणं. लंडनात समुद्र कुठला? पाण्याला हवा कशी मिळायची? बाईंनी युक्ती काढली: पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. ओतायचं अर्थात मोलकरणीने. खाऱ्या पाण्याचं पहिलं टिकाऊ घरगुती मत्स्यालय म्हणून बाईंचं नाव झालं. हात दुखले ते मोलकरणीचे.

मग काय विचारता! 1845 मध्ये काचेवरचा कर उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती, आणि फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गवेड्याने 1854 मध्ये 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक काढून आगीत तेल ओतलं. गृहस्थ कमालीचे धर्मनिष्ठ, पण ॲनिमोनीचं नाव निघालं की भान हरपायचं. त्यांनी ती शिजवून खाल्लीसुद्धा, आणि आपल्या लहानग्या पोरालाही चारली. पोराला आवडली म्हणे. (नाक मुरडू नका, स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आजही ती तळून आवडीने खातात.) गॉस किनाऱ्यावर भल्या घरच्या स्त्री-पुरुषांचे वर्ग घेऊन जायचे. ओहोटीला घेरदार झगे सावरत, हातात छिन्नी-हातोडा घेऊन खडक फोडणाऱ्या त्या बायका डोळ्यांसमोर आणा! एरवी ज्यांना घोटा दिसला तर घेरी यायची, त्या गुडघाभर पाण्यात. लंडनात लॉइड नावाच्या माणसाने तर दुकानच थाटलं. ॲनिमोनी विकत, आणि समुद्राचं पाणीसुद्धा विकत.

त्याहून खमंग गोष्ट 1856 ची. इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावर एक जोडपं ॲनिमोनी गोळा करत हिंडत होतं. जॉर्ज हेन्री लुइस आणि मेरियन एव्हान्स. लग्न झालेलं नाही. लुइसची लग्नाची बायको जिवंत, घटस्फोटाची वाट बंद. लंडनच्या सभ्य बायका मेरियनला घरी बोलवत नसत. त्याच बायकांच्या दिवाणखान्यात मात्र काचेच्या भांड्यात असा प्राणी विराजमान, जो लग्न, मुहूर्त, पाद्री कशाचीच वाट न बघता पिल्लं काढतो. मेरियनने त्याच वर्षी पहिली कथा लिहायला घेतली आणि 'जॉर्ज एलियट' या टोपणनावाची लेखिका झाली. लुइसने किनाऱ्यावरच्या अभ्यासाचं पुस्तक 1858 मध्ये काढलं.

किनाऱ्यांचं काय झालं? ओरबाडले गेले. गॉसच्याच मुलाने, हो, ॲनिमोनी खाल्लेल्या त्याच पोराने, मोठेपणी 1907 मध्ये आत्मकथनात लिहून ठेवलं की बापाच्या पुस्तकांनी लोकांना ज्या खडकांतल्या डबक्यांचं वेड लावलं, ती डबकी त्या लोकांनीच उजाड केली.

या सगळ्यांत मान राखला तो एकीनेच. 1828 मध्ये सर जॉन डॅलियल यांनी स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकहून एक साधी लाल ॲनिमोनी आणली. तिच्यासाठी समुद्राचं ताजं पाणी आणायला हमाल ठेवला होता म्हणे. बघा, इथेही हमाल! 1851 मध्ये डॅलियल वारले. ॲनिमोनी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. सांभाळणारे बदलत गेले, ही आपली बरणीत ढिम्म. एव्हाना तिला सगळे 'ग्रॅनी' म्हणत, आणि भेटायला येणारे वहीत नाव लिहून जात. शेवटी 1887 मध्ये एडिनबर्गला आजीबाई वारल्या. जवळजवळ साठ वर्षं! म्हणजे आज जो तिशीतला पोरगा हौसेने घरी आणतोय, त्याने मृत्युपत्रात तिची तजवीज करून ठेवायला हवी.

आपल्याकडच्या टाकीत मात्र साठ वर्षं सोडा, साठ दिवस काढणंही मुश्कील. कारण ही एका जागी बसत नाही. तुम्ही दगडाची छान खाच शोधून तिला बसवता, आणि ती रात्री पाय सोडवून चालू लागते. सकाळी पाहावं तर मागच्या काचेवर. आणि चालता-चालता पाणी खेळवणाऱ्या वेव्हमेकरच्या तोंडी गेली की कीस. एका ॲनिमोनीचा कीस झाला की टाकीतले बाकीचे जीवही त्या सडक्या पाण्यात जातात. म्हणून जाणते लोक त्या यंत्राला जाळी बांधतात.

क्लाउनफिशचं तर विचारूच नका. सिनेमातला तो 'निमो' पाहून सगळ्यांना वाटतं, मासा सोडला की धावत जाऊन तिच्या कुशीत शिरेल. टाकीत जन्मलेल्या त्या माशाने बापजन्मात ॲनिमोनी पाहिलेली नसते. तो जाऊन हीटरला बिलगतो. आणि यांचं घरगुती वळण? सगळे आधी नर. त्यांतला थोराड तो मादी होतो. ती मेली की नवरा बायको होतो, आणि धाकट्यांतला एक नवरा. सासूबाईंना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुटप्पीपणाही ऐका. दगडाबरोबर फुकट येणारी एक बारकी, तपकिरी ॲनिमोनी असते, एप्टेशिया. घराणं तेच, हात तसेच, डंखही तसाच. पण ही फुकट आली ना! मग हिला सिरिंजने तोंडात चुना भरून मारतात. हो, पानाला लावतो तसलाच चुना. चिमट्याने ओढून काढावी तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवते. एकीला निळा दिवा आणि कोळंबी, दुसरीला इंजेक्शन. आणि कोपऱ्यात ते दगडी प्रवाळ चमकताना दिसलं की विषय बदलायचा, कारण आपल्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत.

आणि हे सगळं मुंबईत! जिथे गिरगावच्या, हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला ॲनिमोनी पसरलेल्या असतात. 2017 पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी लोकांना तिथे नेऊन दाखवतात. हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही. मी एका ॲनिमोनीवाल्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "तिथे चिखल असतो."

बरं, परवाची बातमी. आमच्या त्या गृहस्थांच्या इमारतीतली वीज दुपारी गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि फ्रिज होते, टाकीचे पंप नव्हते. गृहस्थ ऑफिसात. फोनवरून सूचना आल्या, आणि वीज येईपर्यंत सूनबाई आणि कामाच्या मावशी आळीपाळीने मगने पाणी काढून वरून पुन्हा टाकीत ओतत होत्या. खिडकी उघडी ठेवून! ॲनिमोनी जगली. इतकी खूश झाली की चार दिवसांनी मधोमध फाटून तिच्या दोन झाल्या. बबल टिपची ही रीतच आहे. गृहस्थ आता दुसरी कुणाला द्यावी म्हणून घरं शोधताहेत. मावशींनाही विचारलं त्यांनी. मावशी म्हणाल्या, "माझा पगार वाढवा आधी."

तुम्हाला फोन आलाच तर मी काही सांगितलंय असं म्हणू नका.