तिसरी घंटा, पहिला अर्ज

लंडनचे 'द स्टेज' 1880पासून नाट्यव्यवसायाची खबरबात देते. अशा व्यवसायपत्रांमुळेच कळते की कलेचा खरा रस अनुदानात असतो. नोव्हेंबर 2022मध्ये आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने इंग्लिश नॅशनल ऑपेराला नियमित अनुदानाच्या यादीतून वगळले आणि लंडनबाहेर बिऱ्हाड हलवायला 1 कोटी 70 लाख पौंड देऊ केले. केवढी ही रसिकता! नुसत्या गाण्याने इतके रकाने भरले असते का? (सुरात गायले, ही काही बातमी नव्हे.)

आता संकोच सोडावा. तिसऱ्या घंटेनंतर रंगमंचावर थेट अनुदानाचा अर्ज वाचावा, मध्यंतरात लेखापरीक्षण ठेवावे, वन्स मोअर आल्यास परिशिष्ट 'ब' पुन्हा वाचावे. गायकांवरही अन्याय नको. त्यांना सवलतीचे तिकीट द्यावे. मात्र मोबाईल आणि गळा बंद ठेवण्याच्या अटीवर.