तो ऐकतच नाही

आमच्या पेठेतल्या वाड्याची इमारत झाली, तरी नानांनी जिन्यात बसणं सोडलं नाही. लिफ्टची वाट बघणारा माणूस तिथे बरोबर तावडीत सापडतो.

"काल त्याला परत सांगितलं," नाना सुरू होतात, "पण ऐकेल तर शपथ!"

नव्या भाडेकरूंना वाटतं, मुलाबद्दल चाललंय. मुलगा बिचारा पिंपरीहून वेळेवर घरी येतो. नाना बोलत असतात ते 1973 साली बँकेत चिकटलेल्या, 23 वर्षांच्या, बेलबॉटमवाल्या नानांबद्दल. त्याचा उल्लेख कायम एकेरी.

"ऑफिसरच्या परीक्षेला बस म्हटलं, तर म्हणे बदली होईल. झाली असती रत्नागिरीला! आंबे खाल्ले असते गाढवाने."

लोक दुसऱ्यांना उपदेश करतात आणि वाईट होतात. नानांचा श्रोता उलट बोलत नाही, उठून जात नाही. अशी सोय मला तरी कुणाकडे दिसली नाही.

सगळ्यात जास्त बोलणी खातो तो 1993 सालचा नाना. तो तेव्हा 43 वर्षांचा होता, पण नानांच्या लेखी तोही पोरगाच. "इन्फोसिस 1981 साली निघाली कुठे? इथे, पुण्यात! 83 साली बंगळूरला गेली. जाऊ दिली त्याने!" (नारायण मूर्तींनी नानांना विचारलं असावं, असा आवाज.) "बरं, 93 साली शेअर आला 95 रुपयांना. इश्यू पुरता भरलासुद्धा नव्हता, म्हणजे रांगेचीही भानगड नाही. शेजारच्या काउंटरवाल्याने फॉर्म हातात आणून दिला. याने त्याच्या मागे दुधाचा हिशेब लिहिला!"

"शंभर शेअरचे साडेनऊ हजार लागले असते," काकू आतून म्हणतात. "तेवढ्यातच आपला फ्रिज आला. अजून चालतोय."

"तेच तर त्याला सांगतोय!"

पण सगळाच दम नसतो. दर जूनमध्ये एकदा नाना गुडघे धरून पर्वतीच्या 103 पायऱ्या चढतात. 1967 साली अकरावीच्या निकालात गणिताला 35 पडले, तेव्हा तो दिवसभर वर बसून होता. नाना त्याच्या शेजारी बसतात. "घरी जा रे," असं म्हणतात म्हणे. "वडील नुसते 'हं' म्हणतील आणि आमटी वाढायला सांगतील. आणि हिशेबाला घाबरू नकोस. पुढे लोकांच्या नोटा मोजण्यातच आयुष्य जाणार आहे तुझं." हे आम्हाला काकूंकडून कळलं. नाना स्वतः विचारलं तर वर हवा चांगली असते एवढंच सांगतात.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला दहावीत अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले. ती दार लावून बसली. मला वाटलं, पन्नास वर्षांचा सराव असलेला सल्लागार खालीच बसलाय. तिला कसंबसं जिन्यात आणलं.

"नाना, हिला काहीतरी सांगा."

नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मुलगी समोर उभी, डोळे सुजलेले, कान उघडे. नाना माझ्याकडे बघायला लागले.

"अरे, ही खरंच ऐकतेय," ते कुजबुजले. "ऐकणाऱ्याशी काय बोलायचं असतं? मला सवय नाही."

मग उठून आत गेले. फ्रिजचं दार करकरलं. नाना आमरसाची वाटी घेऊन आले आणि तिच्या हातात देऊन पुन्हा पायरीवर बसले. ती त्यांच्या शेजारी बसून चमच्याने खायला लागली. दोघंही गप्प.

"सांडू नकोस गं," काकू आतून ओरडल्या, "साडेनऊ हजारांचा रस आहे!"