क्रियापदाची वाट

जपानी शिकायला लागल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी घरात जाहीर केलं, की ही भाषा म्हणजे आपल्या मराठीची मावसबहीणच. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. पुढे एन-३ परीक्षा पास झालो आणि मग पुण्यात मला कुणी काही बोलू शकेना.

या भांडवलावर क्योतोत, पोंतोचोच्या बोळात, एका खानावळीचं दार मी सरकवलं. आत आठ खुर्च्या, तीन रिकाम्या. कंबरेत नीट वाकून "फुतारी देस" म्हणालो, म्हणजे आम्ही दोघं आहोत. मालकाने दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि म्हणाला, "क्योऽ वा चोत्तोऽऽ..."

आज जरा... आणि थांबला. मीही थांबलो. क्रियापद यायचं होतं ना!

"चला," मागून बायको म्हणाली, "नाही म्हणतोय तो."

"अगं, वाक्य कुठे संपलंय?"

बायकोला जपानीचा एक शब्द येत नाही, म्हणूनच तिला लगेच कळलं. माझ्यासाठी मालकाला अखेर दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरावे लागले.

या 'चोत्तो'वर मी तासभर बोलू शकतो, बायकोच्या मते बोलतोही. अर्थ 'थोडंसं', काम आख्ख्या नकाराचं. 'नाही' हा शब्द उच्चारण्याचं पाप बोलणाऱ्याने करायचं नाही, ऐकणाऱ्याने मनातल्या मनात करायचं. आपल्याकडे हेच खातं 'बघू' सांभाळतं. 'बघू' म्हणणारा कधीच काही बघत नाही. 'कळवतो' म्हणणाऱ्याकडे आपला नंबर नसतो. 'या एकदा घरी' यातलं 'एकदा' तर कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही. मावसबहिणी म्हणतो ते उगाच नाही.

बाहेर मी बायकोला समजावत होतो, की क्योतोत ओळखीशिवाय नव्या गिऱ्हाइकाला न घेण्याची जुनी रीत आहे. चहागृहांत बिल मागाहून पाठवायचे, म्हणून ओळख देणारा जामीन राहायचा. तेवढ्यात एक जपानी जोडपं आलं, आत गेलं आणि दोन खुर्च्यांवर बसलं.

"बुकिंग असेल," बायको म्हणाली.

असेलही. पण माझे कान तापले होते. तळलेल्या माशांच्या गाळ्याला कसला आलाय जामीन! मला पाहिल्या पाहिल्या, मी तोंड उघडायच्या आतच, त्याचं उत्तर ठरलेलं होतं. निदान मला तसं वाटलं.

आणि नको तेव्हा आठवलं. कोथरूडचा आमचा ब्लॉक रिकामा होता तेव्हा एक येमेनी विद्यार्थी दारात आला होता. "नमस्कार काका. मला खोली भाड्याने पाहिजे आहे." वाक्य पाठ केलेलं, क्रियापद शेवटी, बिनचूक. मी त्याच्या मराठीचं तोंडभर कौतुक केलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "सोसायटीचं जरा... बघून कळवतो." तो "हो काका" म्हणाला आणि उंबऱ्यापाशी थोडा वेळ उभाच राहिला.

त्याचा नंबरही मी घेतला नव्हता.

कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून आम्ही दोन डबे घेतले. गल्ल्यावर नेपाळची मुलगी होती. माझ्या पुढच्या जपानी म्हाताऱ्याला विचारलं तेच, त्याच सुरात, तिने मलाही विचारलं, "बेंतो अतातामेमास का?"

डबा गरम करू का? आख्खं वाक्य!

"हाय!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की म्हातारा वळून बघायला लागला.