कुणाची पोर, कुणाला घोर

"काकू, चार काड्या कढीपत्ता तोडू का हो?"

"तोड की. नीता, डोळे का गं सुजलेत?"

"रात्री उशिरापर्यंत बातम्या बघत होते. त्या बेपत्ता मुलीच्या. किती गोड पोर! तिचे नाचाचे व्हिडिओ, मैत्रिणींच्या मुलाखती... वॉचमनलासुद्धा बोलतं केलं त्यांनी."

"आपल्या शांताबाईची पुतणीही परवापासून घरी नाही म्हणे."

"हो, म्हणत होती ती. पण काकू, गेली असेल हो कुणाबरोबर."

"चौकीतही तिला हेच ऐकवलं. तू आणि ते हवालदार एकाच शाळेत शिकलात वाटतं!"

"तसं नाही हो..."

"पंधरा वर्षांची आहे पोर. अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरण किंवा विक्रीचाच संशय धरून एफआयआर नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच बजावलंय. आमचे हे शिरस्तेदार होते ना, घरात हेच ऐकत आलेय मी. पण शांताबाईला कोण सांगणार? अर्ज लिहून घेतला तेच उपकार!"

"चॅनेलवाले आले असते तर हललं असतं सगळं."

"हलतंच. नोएडाचं निठारी आठवतंय? 2006 साल. तिथल्या मजुरांची, मोलकरणींची पोरं एकामागून एक नाहीशी होत होती नि आईबापांना चौकीतून वाटेला लावत होते. त्याच नोव्हेंबरात त्याच नोएडात एका बड्या कंपनीच्या साहेबांचा तीन वर्षांचा मुलगा पळवला. चॅनेलवाले दारात, पोलीस चहूकडे. आठवड्याच्या आत पोर घरी!"

"चांगलंच झालं की."

"झालंच. त्या लेकराचा काय दोष? पण निठारीत कॅमेरे पोचले कधी, तर डिसेंबरअखेरीस, तिथल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे निघाल्यावर. पुढे 2023 मध्ये हायकोर्टानं तपासाचे वाभाडे काढले नि आरोपींच्या फाशीच्या शिक्षा रद्द केल्या. म्हणजे वेळेवर शोधही नाही नि शेवटी न्यायही नाही."

"ऐकवत नाही हो. पण चॅनेलवाल्यांना तरी किती बोल लावायचा? आपणच बघतो म्हणून ते दाखवतात."

"आता कसं बोललीस! ती टीव्हीवरची तुझ्या मिनूसारखी दिसते, म्हणून तुझ्या पोटात कालवलं. शांताबाईच्या पुतणीचा तू चेहराही पाहिलेला नाहीस."

"खरंय. पण गरिबाची पोरं सापडतच नाहीत असंही नाही ना? ते अंधेरीचे भोसले नव्हते का?"

"राजेंद्र भोसले, डी. एन. नगर ठाण्याचे एएसआय. 2008 ते 2015 या काळात तिथून 166 मुली हरवल्या. त्यातल्या 165 भोसले नि त्यांच्या माणसांनी शोधल्या. एक तेवढी राहिली. 2013 मध्ये शाळेत निघालेली, सात वर्षांची. रिटायर झाले तरी तिचा ध्यास सोडला नाही त्यांनी."

"आणि 2022 मध्ये सापडली ना?"

"अंधेरीतच, घरापासून हाकेच्या अंतरावर! पोरीनं कामाच्या ठिकाणच्या एका मोलकरणीपाशी मन मोकळं केलं. त्या बाईनं मोबाइलवर धुंडाळून जुनं पोस्टर काढलं. पोस्टरवर पाच नंबर, त्यातला एकच लागला. कुणाचा म्हणशील? शेजाऱ्याचा!"

"अगंबाई! म्हणजे एक मोलकरीण नि एक शेजारी."

"म्हणून म्हणते, शांताबाईकडून पुतणीचा फोटो घे. तुझ्या मोबाइलवर पोस्टर करून सगळ्या ग्रुपांवर टाक. घरच्यांच्या नंबराखाली तुझाही नंबर घाल."

"माझा? लोक रात्री-अपरात्री फोन करतील हो."

"करू देत. बदलू मात्र नकोस तो नंबर. आणि रात्री जागतेस कुठे नाही?"

"टोमणा कळला बरं! आज संध्याकाळी मी स्वतः तिच्याबरोबर चौकीत जाते. काकांनाही पाठवा ना. शिरस्तेदारसाहेब आलेत म्हटल्यावर लगेच लिहून घेतील."

"पाठवते. पण बघ, शेवटी तिथंही वजनदार माणूस न्यावाच लागला."