काशीस जावे, लोझानमार्गे

आय-लीग ही भारतीय फुटबॉलमधली दुसऱ्या श्रेणीची लीग. तिचा 2024-25चा हंगाम 22 नोव्हेंबरला सुरू झाला आणि 18 जुलैला संपला. खेळाडूंची समजूत अशी होती, की तो 6 एप्रिललाच संपला. पण खेळाडू भाबडे असतात. पंचांनी शेवटची शिट्टी फुंकली की सामना संपला, असं त्यांना अजून वाटतं. आपल्याकडे शिट्टी झाली की सामना मैदानावरून उठतो, कार्यालयात जाऊन बसतो आणि मग खरा रंगात येतो.

तरी 6 एप्रिलचा तो रविवार अगदीच टाकाऊ नव्हता. श्रीनगरला चर्चिल ब्रदर्सनं रिअल काश्मीरशी 1-1 अशी बरोबरी केली आणि 40 गुणांवर बस्तान मांडलं. कोळिकोडला गोकुलम केरळानं घरच्या प्रेक्षकांसमोर तीन गोल केले; पाहुण्या डेंपोनं चार. गोव्याच्या एका क्लबानं दुसऱ्या गोवेकर क्लबाच्या वाटेतला काटा काढावा आणि बदल्यात काहीही मागू नये, हे मडगावात सहसा घडत नाही, ते कोळिकोडला घडलं. तिकडे कल्याणीला इंटर काशीनं राजस्थान युनायटेडला 3-1 असं हरवून 39 गुण केले.

काशीचा सामना कल्याणीला का, हा प्रश्न आय-लीगमध्ये नवख्यालाच पडतो. कल्याणी पश्चिम बंगालात, काशीपासून सहाशेहून अधिक किलोमीटरवर. इंटर काशी हा क्लब 2023मध्ये स्थापन झाला. त्याचे मालक कोलकात्याचे, प्रशिक्षक अंतोनिओ लोपेझ हबास स्पेनचे, भागीदार क्लब अँडोरा देशातला आणि घरचं मैदान कल्याणीचं. आपल्या पूर्वजांनी 'काशीस जावे, नित्य वदावे' असं सांगून ठेवलं आहे. नुसतं म्हणत राहिलं तरी पुण्य लागतं, प्रत्यक्ष जायची गरज नाही. हा सल्ला इतक्या काटेकोरपणे पाळणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. एकट्या काशीलाच का बोला? दिल्ली एफसी नावाचा संघ आपले घरचे सामने पंजाबातल्या माहिलपूरला खेळायचा. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

असो. 12 संघ, प्रत्येकाचे 22 सामने आणि शेवटी एकाचे 40 गुण, दुसऱ्याचे 39. दुसरीतलं पोरही विजेता कोण ते सांगेल. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनला सांगता येईना. कारण जानेवारीतला एक सामना अजून संपलाच नव्हता.

तो सामना नामधारी एफसी विरुद्ध इंटर काशी. मैदानावर नामधारी 2-0नं जिंकले. मग काशीवाल्यांच्या लक्षात आलं, की नामधारीकडून खेळलेल्या क्लेडसन या ब्राझिलियन खेळाडूच्या नावावर आधीच चार पिवळी कार्डं जमली आहेत. चार कार्डांवर एका सामन्याची बंदी असा नियम आहे. चार हा आकडा मोजायला संगणक लागत नाही, एका हाताची बोटं पुरतात आणि अंगठा मोकळा राहतो. पण लीगमध्ये ही बोटं कोणाची, क्लबची की फेडरेशनची, यावर एकमत नव्हतं. शिस्तपालन समितीनं सामना 3-0 असा काशीच्या पदरात टाकला. नामधारी अपिलात गेले. अपील समितीनं मार्चअखेर त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्यामुळे शेवटच्या दिवशी सगळे संघ जिवाच्या आकांतानं धावत होते ते एका अशा गुणतक्त्यासाठी, ज्यातले तीन गुण कोणाच्या खात्यात धरायचे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

इथून पुढची गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आय-लीगचा गुणतक्ता म्हणजे सातबारा आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. तीन गुण नामधारीच्या नावावर होते. त्यावर हरकत आली, फेरफार झाला आणि ते काशीच्या नावावर चढले. पुन्हा अपील, पुन्हा स्थगिती. 18 एप्रिलला अपील समितीनं फेरफार रद्द केला, गुण पुन्हा नामधारीकडे. दुसऱ्या दिवशी फेडरेशननं 40 गुणांच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित करून उतारा दिला. कब्जेदाराच्या रकान्यात चर्चिल, इतर हक्कांत काशी. ज्यांच्या भाऊबंदकीचा निकाल गेली तीस वर्षं तालुक्याच्या गावी प्रलंबित आहे, त्यांना या प्रकरणात फक्त वेगाचं आश्चर्य वाटलं.

फरक एवढाच, की आपल्याकडे प्रांताच्या वर कलेक्टर असतो. फुटबॉलमध्ये स्वित्झर्लंड असतं. तिथल्या लोझान गावी क्रीडा लवादाचं जागतिक न्यायालय आहे. इंटर काशीनं तिथं धाव घेतली. 27 एप्रिलला, रविवारी, लोझानहून आदेश आला: विजेता घोषित करू नका, समारंभ करू नका. फेडरेशननं त्याच रविवारी गोव्यात समारंभ उरकून चषक चर्चिलच्या हाती दिला होता. आदेश उशिरा पोहोचला म्हणे. सुट्टीच्या दिवशी भारतातलं एक कार्यालय उघडं होतं, कामं वेळेत होत होती आणि तीही न्यायालयाच्या आधी! प्रशासन ठप्प आहे म्हणणाऱ्यांनी या घटनेची नोंद घ्यावी.

माझे मडगावचे एक स्नेही त्या दिवसांत फार खुशीत होते. चर्चिलचं हे तिसरं अजिंक्यपद, 2009 आणि 2013 नंतरचं. मी फोनवर म्हटलं, "अहो, जरा सबुरीनं घ्या, लोझानचा निकाल यायचाय."

"पात्रांव, चषक आमच्याकडे आहे," ते म्हणाले. "कागद त्यांच्याकडे असू देत."

गोव्यात मालमत्तेचा वाद कसा चालतो याचा त्यांना दांडगा अनुभव असावा.

लोझाननं आधी कार्डांचं प्रकरण निकालात काढलं. तीन गुण काशीचे. 39 अधिक 3, बरोबर 42. झाला ना विजेता? नाही झाला. कारण मधल्या काळात दुसरी फाइल उघडली होती. काशीनं मारिओ बार्को या स्पॅनिश खेळाडूची नोंदणी केली, मग त्याच्या जागी दुसरा परदेशी खेळाडू आणला आणि पुढे तिसऱ्याच्या जागी पुन्हा बार्कोलाच नोंदवलं. एकदा काढलेला परदेशी खेळाडू त्याच हंगामात परत घेता येतो का? चर्चिल, नामधारी आणि रिअल काश्मीर या तिघांनी मिळून सांगितलं, येत नाही. अपील समितीनंही तेच सांगितलं. ही फेरनोंदणी मंजूर कोणी केली होती, तर फेडरेशननं. म्हणजे एका खिडकीवर शिक्का मारून मिळाला, तो घेऊन माणूस पुढच्या खिडकीवर गेला, तर तिथं त्याच शिक्क्याबद्दल दंड. एकाच इमारतीत. हे पाहून स्विस लोक बिचारे चक्रावले असतील, असं आधी मला वाटलं. पण त्यांनी थंडपणे 18 जुलैला निकाल दिला: बार्को पात्र, काशी विजेता, फेडरेशननं तसं ताबडतोब जाहीर करावं.

खर्चाची वाटणी तर मला निकालापेक्षाही आवडली. लवादाच्या खर्चाचे 55 टक्के फेडरेशननं भरायचे आणि चर्चिल, नामधारी, रिअल काश्मीर यांनी 15-15 टक्के. शिवाय काशीच्या वकिली खर्चापोटी फेडरेशननं 3,000 स्विस फ्रँक आणि बाकी तिघांनी हजार-हजार फ्रँक द्यायचे. सबंध हंगामात या लीगचा असा एकही तक्ता निघाला नव्हता, ज्यात फेडरेशन निर्विवाद पहिल्या क्रमांकावर आहे. हा निघाला.

मैदानावरचा हंगाम 135 दिवस चालला आणि कागदावरचा 103. अजून 32 दिवस कमी पडले, पण पहिल्याच प्रयत्नाच्या मानानं झुंज चांगली होती. चर्चिलचं अजिंक्यपद 19 एप्रिल ते 18 जुलै असं 90 दिवस टिकलं. यावर हसू नये. क्लबाचे संस्थापक चर्चिल आलेमाव 1990मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले होते, तेव्हा ते पद 18 दिवस टिकलं होतं. पाचपट प्रगती आहे.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठं आहे, असं कोणी विचारेल. कुठंच नाही. त्या 12 संघांत मुंबईचा नाही, पुण्याचा नाही, कोल्हापूरचा तर नाहीच. एकेकाळी होतो. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 साली राष्ट्रीय विजेतेपद मुंबईत आणलं होतं आणि चारच वर्षांनी, 2010मध्ये, कंपनीनं संघाला टाळं लावलं. 2012-13मध्ये चर्चिल विजेते झाले तेव्हा उपविजेते पुणे एफसी होते. तो संघही आज नाही. आमचे संघ बंद पडले, पण दाव्यात अडकले नाहीत. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे आम्ही अशा रीतीनं पाळलं, की कोर्टात जायला कोणी उरलंच नाही.

बरं, ही लीग दुसऱ्या श्रेणीत आली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. ती कोणाकडून हरली नाही. 1996मध्ये ती नॅशनल फुटबॉल लीग म्हणून सुरू झाली, 2007मध्ये आय-लीग झाली आणि देशातली सर्वोच्च लीग तीच होती. 2014मध्ये सिनेतारे, क्रिकेटपटू आणि उद्योगपती घेऊन इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली. काही वर्षं दोघी शेजारी-शेजारी नांदल्या. मग 2019मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघाच्या बैठकीत आराखडा ठरला आणि धाकटी थोरली झाली. एकही सामना न खेळता पदावनती! डेंपोसारखा क्लब, ज्यानं दोन्ही नावांखाली मिळून पाच वेळा देश जिंकला, तो 2016मध्ये याच धोरणाच्या निषेधात बाहेर पडला आणि 2024-25मध्ये तिसऱ्या श्रेणीतून चढून पुन्हा आय-लीगमध्ये आला. आठ वर्षांत दोन पायऱ्या खाली आणि एक वर. डेंपोच्या जुन्या समर्थकांचा रक्तदाब मोजण्याचा उपक्रम कोणा डॉक्टरानं हाती घ्यायला हवा.

आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती, ही तडजोड 2022-23पासून अमलात आली. त्या वर्षी पंजाबच्या संघाला बढती मिळाली, पुढल्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगला. तेव्हा हे चषकाचं भांडण नव्हतंच, भांडण त्या दाराचं होतं. चषक कपाटात ठेवता येतो, बढती मात्र एकालाच मिळते. काशीनं त्या दारासाठी दोन प्रकरणं लढवली, युरोपात वकील दिले आणि 18 जुलैला ते दार उघडलं.

आत कोणी नव्हतं. बरोबर एक आठवडा आधी, 11 जुलैला, आयएसएल चालवणाऱ्या कंपनीनं क्लबांना कळवलं होतं, की येता हंगाम तूर्त स्थगित. फेडरेशन आणि कंपनीमधला करार 8 डिसेंबरला संपत होता, पुढचा झाला नव्हता, सर्वोच्च न्यायालयात फेडरेशनच्या घटनेचा वाद पडून होता. थोडक्यात, काशीला बढती मिळाली ती अशा लीगमध्ये, जी त्या दिवशी अस्तित्वात नव्हती. काशीस जाणाऱ्याला मोक्ष मिळतो, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून आणि सामन्यांच्या वेळापत्रकातूनही सुटका. या अर्थानं पाहिलं तर क्लबाचं नाव पहिल्यांदाच सार्थ झालं.

फेडरेशनला निकाल ठामपणे लावता येतच नाही, असं मात्र म्हणू नये. 2 सप्टेंबर 2022ला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलरक्षक कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया, ज्याला पाहून या देशातल्या एका अख्ख्या पिढीनं बूट बांधले. निकाल 33-1. त्याच दिवशी लागला, त्याच दिवशी जाहीर झाला. कार्डं मोजायची नव्हती, फक्त मतं मोजायची होती.

पुढं आयएसएल 14 संघांसह 14 फेब्रुवारी 2026पासून खेळवायचं ठरलं, तेही केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी घोषणा केल्यावर. मी मडगावला फोन लावला. स्नेही मंडळी शांत होती. निकालाबद्दल चकार शब्द नाही.

"मग या वेळी कोणाला पाठिंबा?" मी विचारलं.

"ते बघू मागाहून," ते म्हणाले. "पात्रांव, तुमचा मुलगा ट्रॅव्हल एजन्सीत आहे ना? जरा विचारून सांगा, शेंगेन व्हिसाला हल्ली किती दिवस लागतात? मागच्या खेपेला फायनल चुकली."