खाजगी बाब

‘खासगी’ लिहावं की ‘खाजगी’, यावर आमच्या ऑफिसात एकदा तासभर वाद रंगला होता. मी तेव्हा हिरिरीनं ‘खासगी’च्या बाजूला होतो. गेल्या जुलैत पक्ष बदलला.

सुरुवात स्कूटरच्या सीटपासून झाली. सीटच्या कव्हरला बोटभर चीर गेली होती. पावसाळ्यात आपण फडक्यानं सीट खडखडीत पुसतो, ऐटीत बसतो, आणि आतल्या स्पंजनं रात्रभर प्यालेलं पाणी तो सावकाश आपल्या हवाली करतो. रेनकोट वरून येणाऱ्या पावसासाठी असतो. खालून येणाऱ्यावर अजून कुणी काही काढलेलं नाही. चिंचवडहून शिवाजीनगरला पोचेपर्यंत जीन्स ओलीचिंब, आणि मग ती दुपारपर्यंत एसीत अंगावरच वाळायची. आठवडाभरात जांघेत चार आण्याएवढी लाल चकती उठली. पुढच्या आठवड्यात तिचा रुपया झाला. कडा उंच, कडेनं बारीक पुळ्या, मध्ये कातडी निवळलेली. इतकं सुबक वर्तुळ मला शाळेत कंपास घेऊनही जमलं नव्हतं.

गजकर्ण! नाव किती भारदस्त. गणपतीच्या बारा नावांत ‘गजकर्णक’ आहेच. पण गुडघे गेले, पित्त खवळलं, तर माणूस लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला सांगतो. जांघेतलं गजकर्ण सख्ख्या भावालाही सांगत नाही. शिवाय ही खाज मोठी चोखंदळ. एकटे असताना गप्प असते, साहेबांसमोर प्रेझेंटेशन सुरू झालं की जागी होते. त्या महिन्यात मी दिवसातून वीस वेळा खिशात हात घालून किल्ल्या शोधल्या. किल्ल्या टेबलावर असायच्या.

शेवटी मेडिकलमध्ये गेलो. दुकानात दोन बायका उभ्या होत्या, म्हणून आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. त्या हलेनात, म्हणून एक कंगवा घेतला. मग काउंटरवर वाकून कुजबुजलो, “खाजेची एखादी ट्यूब...”

“जांघेतली का?” दुकानदारानं आतल्या पोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

ट्यूब मात्र जादूची निघाली. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली, मी मीटिंगमध्ये दोन्ही हात टेबलावर ठेवून बसू लागलो. लावणं थांबवलं आणि चौथ्या दिवशी रुपयाची बशी झाली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा बशी. ट्यूब मी दाढीच्या डब्यात तळाशी दडवून ठेवायचो. ती फार लवकर संपायची. कंपन्या हल्ली आत हवाच भरतात, असं माझं मत झालं.

अखेर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी ब्लेडनं चकतीची कड हलकेच खरवडली, तो कोंडा काचेवर घेतला, पोटॅशचा थेंब टाकला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. “बघा.” मी बघितलं. विस्कटलेल्या शेवया. आमच्या आजीच्या शेवयांना इतके फाटे फुटत नसत, एवढाच फरक.

“ही बुरशी. कातडीतल्या केराटिनवर जगते. आता ट्यूब दाखवा.”

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून बाईंनी ती माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर जबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण कातडीच्या पहारेकऱ्यांनाही झोपवतं; मग बुरशी बिनबोभाट पाय पसरते. थोडक्यात, मी महिनाभर चोराच्या वतीनं वॉचमनला दारू पाजत होतो.

“पाय दाखवा,” बाई म्हणाल्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्याच. तीच बुरशी. ती पायातून चड्डीत चढते, कारण चड्डी पायांतूनच वर जाते. “म्हणून आधी मोजे घालायचे, मग चड्डी.”

वाचकहो, सेहेचाळीसाव्या वर्षी माणूस फक्त मोजे घालून कपाटासमोर उभा असतो तेव्हा त्याला तारुण्याची आठवण येत नाही. बाकीचे नियम त्यामानानं सौम्य होते. आंघोळीनंतर जांघ आणि बेचके नीट कोरडे करायचे, सैल सुती कपडे, ओली जीन्स ऑफिसात पोचल्यावर लगेच बदलायची, प्रत्येकाचा पंचा वेगळा. आणि चकती दिसेनाशी झाली तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू. “हल्ली ही लवकर दाद देत नाही,” बाई म्हणाल्या. मला वाटलं, दाद म्हणजे नायटा, बाई कोटी करताहेत. पण चेहरा गंभीर होता. औषधांना न जुमानणारी एक जात आपल्याकडे फोफावली आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिचं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनिये ठेवलं.

हे मी घरी बाबांना सांगितलं. बाबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झालेले. त्यांना एवढं निमित्त पुरलं. “अरे, बुरशी मारणारं हॅमायसिन आमच्याकडे शोधलं, डॉक्टर तिरुमलाचारांनी! ज्या सूक्ष्मजंतूपासून मिळालं त्याचं नाव माहितेय? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! पिंपरी!” रोगाच्या बुरशीला देशाचं नाव आणि औषधाच्या जंतूला गावचं, हा हिशेब त्यांना फार आवडला. पुढे खाज रात्रीच जास्त का येते, घामानं कशी चाळवते, यावरही ते अर्धा तास बोलले. सेवानिवृत्त माणसाचा व्यासंग बघून मला कौतुक वाटलं.

जेवताना डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न आठवला. तिथं मी छातीठोकपणे “छे!” म्हणून आलो होतो.

“घरात आणखी कुणाला खाज नाही ना?”

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. मुलगा ताटात मान घालून वरण ओरपू लागला. बायकोनं भाताचं पातेलं उगाच इकडचं तिकडे केलं.

“तुझ्या दाढीच्या डब्यात ती ट्यूब असते ना,” ती म्हणाली, “ती संपत आली होती.”

“ती मी डॉक्टरांकडे नेली. तिथंच टाकली त्यांनी.”

“तरीच,” बाबा म्हणाले. “मी दुपारपासून शोधतोय.”