फुकटचा संयोजक

मराठी माणूस ऑनलाइन गेला तरी दीपप्रज्वलन सोडत नाही. आमच्या वाचनकट्ट्याची झूमवर बैठक ठरली, तेव्हा समई कुणाच्या घरी लावायची यावरच व्हॉट्सॲपवर खल झाला. मान नाशिकच्या मावशींना मिळाला. त्यांनी समई लावली. आम्हाला दिसला पंखा, कारण फोन लाडवांच्या डब्याला टेकवला होता आणि डबा सरकला. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, म्यूटवर.

मग स्वागत, प्रास्ताविक, अध्यक्षांचा परिचय. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे ओळखतात, तरी परिचयाशिवाय ते बोलत नाहीत. आणि बोलायचं ते उभं राहून. त्यामुळे बराच वेळ पडद्यावर सदऱ्याची बटणंच वाङ्मयावर बोलत होती.

झूमच्या फुकट खात्यात बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते. ‘तेव्हा मला सांगायचंय ते एवढंच, की...’ आणि अध्यक्ष गेले. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली; तेव्हापासून लांबलेल्या वक्त्याला आवरायला चिठ्ठी, घंटा, पाण्याचा पेला, सगळं करून झालं असेल. कुणाचीही भीड न ठेवणारा संयोजक अखेर कॅलिफोर्नियातून यावा लागला.

गप्पांचं खरं दुखणं मात्र निराळं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांतली संभाषणं मोजली होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. त्या दहांत मराठी नव्हती. असती तर सरासरी शून्याखाली गेली असती. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करणं ही आपल्याकडे आपुलकी. ऑनलाइन आवाज पोचायलाच कधी कधी तेवढा वेळ जातो. मग दोघं एकदम बोलतात, एकदम ‘तुम्ही बोला’ म्हणतात, आणि दोघंही गप्प. त्या पोकळीवर अध्यक्ष टपलेलेच असतात.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीनुसार एका गप्पेत साधारण चारच जण टिकतात. पाचवा आला की घोळका फुटतो. लग्नाच्या मांडवात हे कुणाला शिकवावं लागत नाही. झूमवर मात्र फुटायला कोपराच नाही. म्हणून पुढच्या खेपेला समई, परिचय सगळं गाळून चौघाचौघांच्या ब्रेकआउट रूम केल्या. पुस्तक ‘बनगरवाडी’, आणि सगळ्यांना एकच प्रश्न: तुमच्या पहिल्या नोकरीच्या गावात तुम्हाला आधी कुणी विचारलं? अध्यक्ष मावशींच्या खोलीत पडले. तिथे श्रोतेच नव्हते, त्यामुळे ते बसले. एकशिक्षकी शाळेतल्या पहिल्या रात्री कोणीतरी न मागता भाकरी आणून दिली होती, ते त्यांनी सांगितलं. मग मावशींना विचारलं, ‘तुमचं कसं?’ आमच्या माहितीत त्यांनी विचारलेला उत्तर ठाऊक नसलेला हा पहिलाच प्रश्न.

गप्पा इतक्या रंगल्या, की न्यू जर्सीच्या वहिनींनी, तिकडे त्यांची न्याहारी खोळंबलेली असूनही, पैसे भरून वेळेचं बंधन नसलेलं खातं घ्यायची तयारी दाखवली. ‘छे छे, तुम्हाला कशाला उगाच खर्च!’ सगळे एका सुरात ओरडले. त्या वेळी मात्र एकही जण म्यूटवर नव्हता.